पिवळ्या गळ्याची चिमणी आणि एक प्रश्न



"पोरगं हुशार आहे हो, पण नको त्या गोष्टीत वेळ घालवतं." पालकसभेत हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. म्हणून आज डॉ. सलीम अली यांच्या बालपणाविषयी थोडं.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. मामांनी खेतवाडीत वाढवलं. साधारण दहाव्या वर्षी त्यांनी खेळण्यातल्या छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. उचलून पाहिली, तर गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली चिमणी? मामा स्वतः शिकारी, पण त्यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पेंढा भरून जपलेले कितीतरी पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. मुलाला नाद लागला तो कायमचा.

पण पुढे सगळं सोपं झालं असं नाही. गणिताशी त्यांचं कधी जमलं नाही. कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले. तिथेही मन रमलं ते पाखरांतच. पुढे जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून 1930 मध्ये परतले, तर संग्रहालयातली नोकरीच उरली नव्हती. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्षी न्याहाळला. नर एकामागून एक घरटी विणतो, मादी अर्धवट घरटं पारखून निवडते, हे त्यांनी नोंदवलं. 1941 मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाला.

आता बघा, यात चिमणीइतकाच महत्त्वाचा कोण? मामा आणि मिलार्ड! एकाने प्रश्न झटकला नाही, दुसर्‍याने लहान मुलाला वेळ दिला.

आपण काय करू शकतो?

1. उत्तर येत नसेल तर "चल, विचारू या" म्हणा. "गप्प बस, अभ्यास कर" नको.
2. जाणकाराशी गाठ घालून द्या. गावातला सुतार, कुंभार, शेतकरी, सर्पमित्र हेही गुरूच आहेत.
3. एक वही द्या. पाहिलेलं तारखेसह लिहू द्या. भाषाही सुधारते.
4. आवड दिसली की लगेच क्लास, स्पर्धा, बक्षीस नको. आधी रमू द्या.

अभ्यास सोडा असं मी म्हणत नाही. वाचन-लेखन पक्कं नसेल तर आवडीलाही पुढची वाट सापडत नाही. पण सगळ्याच मुलांची आवड पाठ्यपुस्तकात मिळेल असंही नाही.

5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात मुलांना तासभर झाडाखाली बसवा, बंदूक नाही, नुसती वही घेऊन. एखादं पोर "सर, हा कुठला पक्षी?" असं विचारेल. तेव्हा घाई करू नका. त्या प्रश्नाला वेळ द्या.