चादर का फाटते?
(द्वितीय वर्ष कला)

पंढरपुरात आमची लाँड्री आहे. गावातल्या चार लॉजच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल आमच्याकडे धुवायला येतात. आजोबा नदीकाठी दगडावर धुणे धूत. आप्पांनी कर्ज काढून ड्रमचे मशीन घेतले. घरातून कॉलेजात आलेला पहिला मीच. "कला शाखेत शिकून धुण्यातले काय कळणार?" असे आप्पा थट्टेने विचारतात. प्रस्तुत लेख म्हणजे त्यांना दिलेले थोडे उशिराचे उत्तर होय.

आषाढीच्या दिवसांत लॉजची एकही खोली रिकामी राहत नाही. सकाळी नेलेल्या चादरी संध्याकाळी परत हव्या असतात. माझी बारावी झाली त्या आषाढीत मशीन माझ्या ताब्यात होते. मळ लवकर निघावा म्हणून मी पाणी कढत केले. ब्लीचिंग पावडर दुप्पट घेतली, तीही न विरघळवता मुठीने सरळ कपड्यांवर टाकली. आणि तीनदा खंगाळायचे ते एकदाच खंगाळले. चादरी बगळ्यासारख्या पांढऱ्या निघाल्या. लॉजवाले खूष, मीही खूष. दिवाळीच्या आत त्यांतल्या १८ चादरी मधोमध विरल्या, काहींना टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडली. मालकांनी बिलातून पैसे कापून घेतले. आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. "कापडच हलके होते," असे मालकांना सांगत राहिले. कापड हलके नव्हते, हे मला ठाऊक होते.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात वस्त्रशास्त्राचे एक पुस्तक हाती लागले. न समजलेला भाग रसायनशास्त्राच्या सरांनी समजावून दिला. सुती धागा म्हणजे सेल्युलोज. साखळीत कडी अडकवावी तसे त्याचे लांबच लांब रेणू असतात. ब्लीचिंग पावडर डागाचा रंग घालवते, पण डाग संपला म्हणून ती थांबत नाही. या साखळ्याही तोडू लागते. रासायनिक क्रियेचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. म्हणजे कढत पाण्यात मी काय केले ते उघड आहे. न विरघळलेला कण जेथे बसला तेथे भोक पडले. राहिलेले ब्लीच इस्त्रीच्या उष्णतेने आणखी चेकाळले. वाईट इतकेच, की हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. चादर शुभ्र दिसते आणि आतून मेलेली असते.

हर्बर्ट सिन्नर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली धुलाईचे चार वाटे सांगितले: रसायन, उष्णता, आपटणे-घुसळणे आणि वेळ. एक वाटा कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो, एरवी मळ निघत नाही. हे वाचले आणि मला आजोबा आठवले. ते कपडे रात्रभर साबण-सोड्याच्या पाण्यात भिजत घालीत. चौघांपैकी कापडाला सर्वांत कमी इजा करणारा वाटा वेळेचा, आणि 'अर्जंट' म्हणणारे गिऱ्हाईक नेमका तोच काढून घेते. मग उरलेले तिघे कापडावर तुटून पडतात. अर्थात आजोबांचे सगळेच बरोबर होते असे नाही. ओले सुती कापड कोरड्यापेक्षा मजबूत असते म्हणून ते दगडाचा मार सोसत असे. रेयॉनचे उलट आहे. भिजल्यावर त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. त्यांच्या हातून रेयॉनच्या साड्या फाटत आणि ते साडीला शिव्या देत!

आमच्या धंद्यातले दुसरे दुखणे पाण्याचे. लाँड्रीत बोअरचे जड पाणी आहे. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो, तो धाग्यांत बसतो आणि चादर करडी, खरबरीत होते. करडी दिसली की आपण ब्लीच वाढवतो. दोष पाण्याचा, शिक्षा कापडाला. साबणापूर्वी पाण्यात धुण्याचा सोडा टाकला तर हा जडपणा बराच उतरतो. खर्च किरकोळ येतो.

इस्त्रीविषयी थोडक्यात सांगतो: सुतीला २०० अंश, रेशीम-लोकरीला १५०, नायलॉनसारख्याला ११० ही वरची मर्यादा समजावी. वाळवण्याच्या यंत्राच्या जाळीत जमणारा कापूस ही धूळ नव्हे, ती आपली चादरच असते.

आता आम्ही पावडर वेगळ्या बादलीत कालवून वरची निवळ तेवढीच थंड पाण्यात वापरतो, आणि ती फक्त सुती पांढऱ्यांना. तीनदा खंगाळतो. दोन लॉजवाल्यांनी चादरींचा एक जोड जास्त घेण्याचे मान्य केले, त्यामुळे त्यांच्या धुण्याला दोन दिवस मिळतात. उरलेले दोघे अजून संध्याकाळीच मागतात.

फरक किती पडतो ते मला पाहायचे होते. "गिऱ्हाईकाच्या चादरीवर प्रयोग करायचा नाही," असे आप्पांनी बजावले. म्हणून एकाच ताग्यातल्या दोन चादरी स्वतःच्या पैशाने घेतल्या. एक घाईच्या पद्धतीने धुतो, दुसरी सावकाश. प्रत्येक धुण्यानंतर आई कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याचा एक टाका घालते. आज दोन्हींवर २३ टाके आहेत. घाईची चादर उजेडात धरली की मधून पलीकडचे दिसू लागले आहे. परवा आप्पांनी ती आपण होऊन खिडकीशी नेली, बराच वेळ पाहिली, आणि बोअरच्या टाकीत सोडा किती टाकायचा ते मला विचारले.