रक्त चढवूनही पुन्हा कमी होतं, तेव्हा

साठी ओलांडलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन सात-आठवर येतं. लोहाच्या गोळ्या होतात, टॉनिकच्या बाटल्या संपतात, रक्त चढवलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. घरचे म्हणतात, वय झालं. नुसत्या वयानं रक्त एवढं उतरत नाही.

आधी बी-१२ तपासून घ्या. त्याच्या कमतरतेतही असंच चित्र दिसतं आणि ते औषधानं सुधारतं. ते ठीक निघालं तर डॉक्टरांच्या मनात एमडीएस हा आजार येऊ शकतो. रक्ताच्या पेशी हाडातल्या मज्जेत तयार होतात. या आजारात त्या सदोष निघतात आणि बऱ्याच तिथंच मरतात. साधारण तिघांपैकी एका रुग्णाला पुढे तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होतो.

तो एक कोण, याचा अंदाज बांधता येतो. २०१२ पासून डॉक्टर त्यासाठी पाच गोष्टींना गुण देतात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी या तिन्ही साध्या सीबीसीत कळतात. उरलेल्या दोन मज्जेतूनच कळतात: कच्च्या पेशी किती आणि गुणसूत्रांत बिघाड कोणता. निरोगी मज्जेत कच्च्या पेशी पाच टक्क्यांच्या आत असतात. वीस टक्के झाल्या की सहसा ल्युकेमियाच धरतात. धोका कमी असेल तर कित्येकदा लक्ष ठेवणं आणि गरजेपुरतं रक्त देणं एवढंच पुरतं. जास्त असेल तर ॲझासिटिडीनसारखं औषध, प्रकृती झेपणारी असेल तर मज्जा प्रत्यारोपण. २०२२ साली यात जनुकांची तपासणीही आली, पण ती महाग पडते.

मी वॉर्डात असताना एका आजोबांना मुलांनी मज्जेच्या तपासणीआधीच घरी नेलं. ‘पाठीतलं पाणी काढतात, माणूस लुळा पडतो,’ असं कुणी सांगितलं होतं. पाच महिन्यांनी परत आणलं तेव्हा कच्च्या पेशी विसाच्या वर गेल्या होत्या. मज्जा कमरेच्या मागच्या हाडातून घेतात, मणक्यातल्या मज्जारज्जूला सुई लागत नाही. जागा बधिर करतात, तरी ओढताना काही क्षण कळ येते, खोटं कशाला सांगू?

जाताना जुने सगळे सीबीसी पिशवीत घाला. आणि सुई टोचण्याआधीच विचारा, ‘गुणसूत्रांच्या तपासणीसाठीही नमुना पाठवणार ना?’ तो राहिला तर सुई पुन्हा टोचावी लागते.