आत्याचा कानमंत्र: ट्रिगरवर बसण्याआधी

जिनिव्हाला निघालास, तर चार गोष्टी आताच कानावर घालते. निमगाव केतकीत डाळिंबाची प्रतवारी तू लहानपणापासून बघतोयस. बाजूला टाकलेलं फळ संध्याकाळी पुन्हा उचलून बघता येतं. तिथल्या सीएमएस या कणभौतिकीच्या प्रयोगात ती सोय नाही. प्रोटॉनांचे पुंजके दर 25 नॅनोसेकंदांनी एकमेकांवर येतात, सेकंदाला जवळपास 4 कोटी वेळा. पहिल्या पायरीचा ट्रिगर, म्हणजे कुठल्या टकरीची घटना ठेवायची ते ठरवणारी चाळणी, चारेक मायक्रोसेकंदांत निकाल देतो आणि सेकंदाला लाखभर घटना पुढे सोडतो. बाकीच्या गेल्या त्या गेल्या.

म्हणून कसलाही निकष न लावता उचललेल्या थोड्या घटना कायम साठव. झीरो बायस म्हणतात त्यांना. जागा कमी पडली की कात्री तिथे लावायचा मोह होतो. भांडायला लाजू नकोस.

ट्रिगरची कार्यक्षमता त्यानंच निवडलेल्या घटनांवरून मोजू नकोस. झेड बोसॉनपासून दोन म्युऑन निघाले आणि एकानं ट्रिगर उडवला, तर परीक्षा दुसऱ्याची घे. म्युऑनच्या संवेगाला सीमा 24 जीईव्हीची लावली म्हणून तिथे भिंत उभी राहत नाही, चढ असतो. चढ संपल्यावरच विश्लेषण सुरू कर.

खरं सांगायचंय ते 2016-17 चं. इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॅलरीमीटरच्या टोकांकडच्या भागाची वेळ हळूहळू सरकत गेली, आणि काही संकेत आधीच्या टकरीच्या नावावर पडू लागले. ट्रिगर त्या आधीच्या टकरीला हो म्हणायचा. एक टक्कर घेतली की पुढच्या दोन घ्यायच्या नाहीत असा नियम, त्यामुळे खरी घटना स्वतःच्याच पायानं बाद! नोंदीतच नाही ती मोजणार कशी? तर तीन टकरी आधी योगायोगानं दुसरीच घटना निवडली गेली असेल, तर मधल्या दोन्ही टकरी नियमानंच बंद असतात. मग आताच्या घटनेवर हा घोळ होऊच शकत नाही. अशा घटना वेचून तूट मोजली. घोळ घालणाऱ्या नियमालाच कामाला लावलं, मला भारी आवडतं हे.

ट्रिगरचा दर अचानक उसळला तर नवं भौतिकशास्त्र सापडलं म्हणून नाचू नकोस, आधी कुठला चॅनेल गोंगाट करतोय ते शोध. आणि हो, सीएमएसचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर उभारणारी टीआयएफआर या संशोधन संस्थेची मंडळी मुंबईत कुलाब्यालाच आहेत. विमान पकडण्याआधी तिकडे एक चक्कर मार.