भिडेपायी

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उयुनी नावाचे एक धुळकट गाव आहे. तेथून निघून जगातील सर्वांत विस्तीर्ण मिठाचे मैदान ओलांडणारी, आणि पुढे ज्वालामुखींच्या पायथ्याने व रंगीत सरोवरांच्या काठाने थेट चिलीच्या सरहद्दीपर्यंत पोहोचविणारी तीन दिवसांची जीपची सफर ज्यांनी लडाख पाहिले आहे त्यांना विशेष ओढ लावते. ती सफर मी आणि माझ्या पत्नीने केली, म्हणजे तिचे दोन दिवस केले. तिसरा दिवस आमच्या वाट्यास आला नाही, आणि तो का आला नाही हे त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांस कळावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उयुनीत सफरी ठरविणाऱ्या पेढ्या पुष्कळ आहेत. त्यांतील एकीवर आम्ही पैसे भरले, पावती घेतली, आणि प्राणवायूची नळकांडी गाडीत असते, चालक अनुभवी आहे, जेवणाचा बंदोबस्त उत्तम आहे, ही तोंडी हमी ऐकून समाधानाने बाहेर पडलो. पाटबंधारे खात्यात कंत्राटांचे मसुदे तपासण्यात ज्याची सारी हयात गेली त्या मी लेखी करारनामा मागितला नाही, कारण गाडीतले इतर चौघे सहप्रवासी, म्हणजे दोन ब्राझिली तरुण, एक प्रौढ स्पॅनिश शिक्षक आणि एक डच परिचारिका, खोळंबून उभे होते, आणि त्यांच्यासमोर किरकिऱ्या म्हातारा ठरण्याची मला भीड वाटली. वाचकांस माझे आग्रहाचे सांगणे असे की, ही भीड पेढीच्या उंबरठ्याबाहेरच ठेवावी. नळकांडी आहे असे ऐकण्यावर न थांबता ती गाडीतून काढून, तिची चावी फिरवून, मुखपट्टी जागेवर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे. प्रत्येक आसनाचा पट्टा ओढून पाहावा. चालक मागील सफरीवरून कोणत्या दिवशी परतला हे त्याच्याच तोंडून ऐकावे. आणि कोणी आजारी पडल्यास गाडी परत फिरविण्याचा अधिकार कोणाचा, व तेव्हा इतरांच्या पैशांचे काय, हे कागदावर उतरवून घ्यावे.

पहिला दिवस मिठाचा. ३,६५६ मीटर उंचीवर, दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेले ते मैदान प्राचीन सरोवरे आटून मागे राहिलेले आहे, आणि कोरड्या ऋतूत त्याच्या पृष्ठभागावर षट्कोनी आकृत्यांची जी अखंड जाळी उमटते, ती पाहताना मनुष्य बराच वेळ काही बोलतच नाही. तेथे रस्ता असा नाही. चालक तुनुपा ज्वालामुखीचा, किंवा निवडुंगांनी भरलेल्या इंकावासी बेटाचा रोख धरून गाडी सोडतो. समोर काहीच नसल्यामुळे वेगाची जाणीव लोपते, अंतराचा अंदाज चुकतो, आणि थकलेल्या चालकाच्या पापण्या मिटू लागतात. आमच्या चालकाच्या मिटल्या. आरशात ते मी पाहिले, शिक्षकांनी पाहिले, मागे बसलेल्या तरुणांनीही पाहिले, हे रात्री मिठाच्या विटांच्या खानावळीत परस्परांस कबूल करताना आम्हा सर्वांनाच अपराधी वाटले. परंतु त्या क्षणी कोणीही तोंड उघडले नाही. याच मैदानावर २००८ च्या मे महिन्यात दोन जीपगाड्यांची समोरासमोर धडक होऊन तेरा माणसे प्राणास मुकली, ही हकीकत मला तेव्हा ठाऊक होती, आणि ठाऊक असूनही मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकाबाईंनी चालकाला स्पष्ट विचारले, तेव्हा हा गृहस्थ सलग तिसरी फेरी करीत असल्याचे कळले. त्याला मी दोष देत नाही. फेरी नाकारली तर पुढची मिळेल याची शाश्वती त्याला नव्हती.

आता उंचीविषयी. बोलिव्हियातीलच सांताक्रूझ शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटरांवर आहे. तेथून आम्ही विमानाने दोन दिवसांत उयुनीस आलो, ही आमची पहिली आणि सर्वांत मोठी चूक. तीन हजार मीटरांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा जुना नियम आहे. या सफरीचा दुसरा मुक्काम पहिल्याहून सहाशे मीटर उंच, म्हणजे लगुना कोलोरादा या तांबड्या सरोवराच्या परिसरात सुमारे ४,२७८ मीटरांवर असतो. म्हणून ज्यांना वेळ आहे त्यांनी आधी सुक्रे येथे, २,८०० मीटरांच्या आसपास, तीन-चार दिवस काढावेत, मग पोतोसीमार्गे उयुनीला यावे, आणि उंचीच्या त्रासावरील असेटाझोलामाईड हे औषध घ्यावयाचे की नाही हे घरून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांस विचारून ठरवावे. कोकाच्या पानांचा चहा तेथे सर्वत्र मिळतो व त्याने बरेही वाटते. पण तो खाली उतरण्याला पर्याय नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या पत्नीचे डोके दुखत होते. सिलोलीच्या वाळवंटात, वाऱ्याने कोरलेल्या त्या प्रसिद्ध पाषाणवृक्षापाशी सर्वजण छायाचित्रे घेत असताना ती गाडीतच बसून राहिली, आणि मी विचारले तेव्हा म्हणाली, "अहो, काही नाही, झोप नीट झाली नाही एवढंच. त्यांचा दिवस कशाला नासवायचा?" मी तिचे ऐकले. तांबड्या पाण्यात हजारो रोहित पक्षी उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही, तेव्हा तरी मला कळावयास हवे होते.

येथे वाटेची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पेढीवरील नकाशात ती दिसत नाही. तांबड्या सरोवरापासून चिलीतील सान पेद्रो हे गाव जवळ व चांगले सखल, सुमारे २,४०० मीटरांवर आहे खरे. परंतु तिकडे जाणारी वाट आधी सोल दे मान्याना नावाच्या वाफांच्या कुंडांपाशी जवळजवळ ४,९०० मीटरांपर्यंत चढते. म्हणजे ज्याला खाली नेणे अत्यावश्यक आहे त्याला त्या बाजूने आधी आणखी वर न्यावे लागते. उलट फिरावे तर उयुनी पुष्कळ तास दूर. तेव्हा परतण्याचा निर्णय दुसऱ्या दिवशी दुपारी, उजेड असताना, मुक्कामी पोहोचण्यापूर्वीच झाला पाहिजे. त्यानंतरचा प्रत्येक निर्णय अधिक कठीण होत जातो.

रात्री दीडच्या सुमारास ती उलटी करून उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. परिचारिकाबाईंनी तिला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालण्यास सांगितले. तिला तीन पावलेही टाकता आली नाहीत. "ही डोकेदुखी नाही. मेंदूला सूज येत असावी, आताच खाली न्या," एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या गाडीतील नळकांडीत प्राणवायू होता, पण मुखपट्टी नव्हती. ती शेजारच्या दुसऱ्या गटाच्या चालकाने आपल्या नळकांडीवरून काढून दिली, आणि आमच्या चालकाची अवस्था पाहून, तो स्वतः तोवर नीट झोपलेला असल्यामुळे, सुकाणूवरही तोच बसला. ब्राझिली तरुणांनी आपली पांघरुणे आणून मागच्या आसनावर अंथरली. शिक्षकांनी सकाळच्या सफरीविषयी एक शब्दही काढला नाही. उलट काचेवर आतून धरलेला बर्फ ते आम्ही निघेपर्यंत कार्डाने खरवडीत होते.

उत्तरेकडे आलोता गावाच्या वाटेने आम्ही परत फिरलो. बाहेर शून्याखाली पंधरा अंश असावेत. चालक दर अर्ध्या तासाने गाडी थांबवी, मी तिचे नाव घेऊन हाक मारी, आणि ती हुंकार देई. पूर्वेला फटफटू लागले तेव्हा वाट चांगलीच उतरली होती. तिने मुखपट्टी स्वतःच्या हाताने बाजूला केली, बाहेर पाहिले, आणि पाणी मागितले.