जमिनीवरील विमान आणि वारा

विमानाचा अपघात म्हटला की आकाशातून कोसळणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. तथापि हलकी विमाने जमिनीवरही, माणसाच्या चालीपेक्षा थोड्या अधिक वेगाने जात असताना ताबा सुटून उलटतात किंवा कुंपणावर आदळतात. उभ्या जागेपासून धावपट्टीपर्यंत विमान स्वतःच्या शक्तीने नेण्याच्या क्रियेस 'टॅक्सिंग' म्हणतात.

फ्लाइंग क्लबांतून परिचित असलेल्या दोन आसनी सेसना १५२ विमानाचे वजन माणसे व इंधन धरूनही जास्तीत जास्त ७५७ किलो, तर पंखांचा विस्तार सुमारे १० मीटर. वाऱ्यावर उचलले जाण्यासाठीच घडविलेले हे पंख, विमान भुईवर आहे म्हणून आपला गुण सोडीत नाहीत.

शेपटीखाली चाक असलेल्या विमानांत याहून मोठी अडचण असते. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये सिद्ध होऊन १९५१ साली प्रथम उडालेले 'एच. टी. २' आणि १९५८ मधील 'पुष्पक' ही विमाने याच घडणीची. यांत मुख्य चाके पुढे व भार त्यांच्या मागे असतो. विमान किंचित वळले की मागचा भार पुढे येऊ पाहतो आणि वळण आपोआप वाढत जाते. पायाने सुकाणू तत्काळ उलट दिशेस न दाबल्यास विमान गरकन फिरते व बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो. शिवाय नाक वर असल्याने वैमानिकास समोरचे दिसत नाही. म्हणून तो नागमोडी चालतो. बघ्यांना ती नवशिक्याची चाल वाटते. वस्तुतः ती सावधगिरी होय.

पुढच्या चाकाची विमाने अधिक स्थिर, परंतु वारा मागून तिरपा आला तर तीही फसतात. वारा समोरून तिरपा असेल तर नियंत्रक चक्र वाऱ्याच्या बाजूस वळवून धरावे. मागून तिरपा असेल तर उलट बाजूस वळवून पुढे दाबावे, म्हणजे वारा शेपटीखाली शिरून ती उचलण्याऐवजी तिला खाली दाबतो. अशा वाऱ्यात वेगाने घेतलेले वळण सर्वांत घातक. उन्हाळ्यातील वावटळ आणि मोठ्या विमानामागचा झोतही हाच उत्पात घडवितात. म्हणून विमान हलताच पहिल्या काही पावलांतच ब्रेक तपासले जातात. ते लागत नसतील तर इंजिन तेथेच बंद करावयाचे असते.

जुन्या काही विमानांचे इंजिन पंखा हाताने फिरवून सुरू करावे लागते. आसनावर जाणकार नसेल, चाकांपुढे ठोकळे नसतील आणि थ्रॉटल उघडी राहिली असेल, तर विमान चालकाविनाच धावत सुटते. धावपट्टीलगत गुरे चारणाऱ्यांनी व सहलीस मुले नेणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे, की वेगाने फिरणारा पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. थांबलेल्या पंख्यासही हात लावू नये; मॅग्नेटोची कळ सुरू राहिली असल्यास किंचित हलविण्यानेही इंजिन पेट घेऊन एक फेरा मारू शकते.