एकच बहार

वरूड, डिसेंबर

चि. निखिल,

पुण्याची नोकरी सोडून तू वावरात उतरतोस, हे तुझ्या आईने फोनवर रडत सांगितले. रडण्यासारखे त्यात काही नाही. पण तू पाठवलेला हिशोब वाचला अन् मला धडकी भरली. संत्र्याच्या जुन्या दीडशे झाडांवर आंबिया आणि मृग दोन्ही बहार, अन् त्या पैशातून नवी दोन एकर लागवड!

अरे, आंबियाला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते. मे महिन्यात फळ जेमतेम लिंबाएवढे असते आणि पाणी मागते. मृगाचे फूल पावसाबरोबर हवे असेल तर त्याच मे महिन्यात झाडाला ताण द्यावा लागतो. एकाच झाडाला एकाच महिन्यात पाजायचे की उपाशी ठेवायचे? तू पाळण्यात असताना मी हा उद्योग केला. अर्धवट ताण दिला. आंबिया निम्मा गळला, मृग विरळ फुटला. तरी दोन वर्षे तसेच रेटले. तिसऱ्या वर्षी शेंड्यांकडून सल धरू लागली, आणि शेवटी चाळीस झाडे सरपणाला गेली. तुझे बाबा तेव्हा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आता बहार कोणता, ते विहिरीला विचार. तुमची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, मग आंबियाचा हट्ट कशाला? त्याला मृगाचा पाऊस पडेपर्यंत पाणी लागते. बोअर आणखी खोल नेतो म्हणशील. पण वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या उपशाने आधीच बदनाम आहे. मृग धर. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येते, तोवर विहीर साथ देते. मेमध्ये अवकाळी पडला तर ताण तुटेल, बहार हुकेल, हेही सांगून ठेवतो. ज्या वर्षी हुकला, त्या वर्षी झाडाने विश्रांती घेतली म्हणायचे.

नव्या लागवडीची घाई तर मुळीच नको. शेंदूरजना घाटला रोपवाटिकांची काय वाण आहे? पण कलम हातात घेऊन बघ: खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा ते विचार, आणि डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरलेला असू दे. मी एकदा स्वस्त पडतात म्हणून बुडाशीच डोळा असलेली कलमे घेतली होती. निंदणाची माती चढत गेली, डोळा मातीत गेला, आणि ऐन फळावर येताना डिंक्या लागला. खोडाला पाणी टेकू देऊ नकोस. बाहेरून दुसरे आळे करून त्यात पाणी सोड. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लाव: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ६ बाय ६ मीटरवर एकरी सुमारे ११० झाडे बसतात, त्यापेक्षा एकही जास्त कोंबू नकोस. धुऱ्यावरची गुळवेल, वासनवेल काढून टाक. फळातला रस शोषणारे पतंग त्यांच्यावरच वाढतात. तुझी आई गुळवेलीचा काढा करते, तेवढी एक वेल घरामागे ठेव, नाहीतर मलाच बोलणी खावी लागतील.

बागेचा सौदा करताना किती पैसे केव्हा मिळणार, ते लिहून घे. इसार घेऊन व्यापारी निघून गेला की फळ झाडावर अन् तू बांधावर.

आणि ते नवे दोन एकर. वरची काळी माती पाहून भुलू नकोस. खाली चुनखड निघाली तर संत्रा तिथे पिवळा पडतो, कितीही खत घाल. मी येईपर्यंत रोपवाटिकेला एक रुपयाही देऊ नकोस. तीन कोपऱ्यांत अन् मधोमध दोन-दोन हात खोल खड्डे खणून ठेव, चौथ्या कोपऱ्यात बाभूळ आहे, तो सोड. रविवारच्या पहिल्या एसटीने येतो.

तुझे मोठेबाबा