काल दिवसभर काय केलंत?

अमळनेरच्या मुलाला बेंगळुरूचा सर्जापूर रोड अगदीच परका वाटत नाही. १९४५ मध्ये त्याच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या विप्रोचं मुख्यालय याच रस्त्यावर आहे. माझा मामेभाऊ तिथून जवळच राहतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगची चांगली चाललेली नोकरी सोडून तो एका छोट्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर झाला आणि वर्षाच्या आत पुन्हा टेस्टिंगमध्ये परतला.

काय बनवायचं ते प्रॉडक्टवाला ठरवतो, असं त्याला रूममेट्सनी सांगितलं होतं. ते सगळे टेस्टरच! प्रत्यक्षात त्याचा दिवस सेल्सवाले आणि इंजिनिअर यांच्यातली भांडणं मिटवण्यात आणि तारीख पुन्हा का लांबली ते समजावण्यात जायचा. त्याची आवड मात्र एकट्यानं बसून चूक हुडकून काढण्याची. प्रॉडक्ट मॅनेजरचं काम करणाऱ्या एखाद्याला आधी गाठलं असतं, तर हे अर्ध्या तासात कळलं असतं.

अमेरिकेत रिचर्ड बोल्स यांनी १९७० मध्ये काढलेल्या ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’ या पुस्तकानं अशा भेटींची पद्धत रूढ केली. आधी माहिती विचारायची, नोकरीचं नंतर. पण विचारायचं कुणाला? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांची ओळख जुजबीच. जवळच्या मित्रांना बहुतेक वेळा आपल्याइतकंच ठाऊक असतं.

सायबर सुरक्षेत जावं का, हा विचार मनात आला तेव्हा भावानं कॉलेजच्या एका सीनियरना मेसेज केला: ‘सर, मी टेस्टिंगमध्ये आहे. तुमचं काम रोज कसं चालतं ते समजून घ्यायचंय. नोकरीसाठी विचारत नाहीये. वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ फोनवर, हे महत्त्वाचं. भेटायला बोलावून इब्लूरच्या सिग्नलवरच्या ट्रॅफिकपायी कुणाची संध्याकाळ खर्ची घालू नये. सोबत बायोडेटाही जोडू नये. तो दिसला की समोरचा माणूस सावध होतो आणि मोकळं बोलत नाही.

‘या क्षेत्राला स्कोप आहे का?’ असं विचारलं की ठोकळेबाज उत्तर मिळतं. भावानं विचारलं, ‘सर, काल दिवसभर काय केलंत?’ सर हसले. म्हणाले, ‘सकाळी धोक्याचे इशारे तपासत बसलो, बहुतेक सगळे खोटे निघाले. दुपारनंतर नुसता रिपोर्ट लिहिला.’ रिपोर्ट लिहिण्यात इतका वेळ जातो, हे भावाला त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. पगार विचारतानाही त्यानं सरांचा आकडा काढला नाही. नवख्याला साधारण किती मिळतो, एवढंच विचारलं.

आणखी कुणाशी बोलू, हा शेवटचा प्रश्न. सरांनी एका बाईंचं नाव सुचवलं. त्या हेच काम सोडून आता कॉलेजात शिकवतात. हे काम सोडलेल्या माणसाशीही बोलायलाच हवं, म्हणून त्यानं त्यांना लगेच मेसेज टाकलाय.